दामूचं मीठ आणि जैतापूरची बोट

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो! मिठागरात खाडीचं पाणी कोंडलं आणि वर ऊन पडलं की खाली मीठ आपोआप धरतं, तसंच हे. आम्ही गिरगावातल्या एका खाणावळीच्या ओसरीवर रोज संध्याकाळी बसत होतो, एवढंच आमचं कर्तृत्व. बाकीचं सगळं आपोआप धरलं. आता सांगायला बसलोय तर मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं चालत नाही, आणि चहा आला तर तेवढा पुढे सरकवा.

प्लेग यायच्या आधीची दोन-तीन वर्षं धरा. मी मीठ खात्यात कारकून. शीवच्या मिठागरांवर दिवसभर मिठाच्या राशी बघायच्या आणि घरचं मीठ मात्र वाण्याकडून विकत आणायचं, कारण सरकारी राशीतली चिमूट उचलली तरी गुन्हा! दुसरा सावंत. परळच्या गिरणीत बॉयलरवर होता, मूळ मालवणकडचा. बॉयलरशेजारी राहून आवाज असा झाला होता की गुपित सांगायला लागला तरी वाडी जागी व्हायची. खाणावळ काकूंची. काकू विधवा, सोवळ्यातल्या, तोंडाने फटकळ आणि हाताला अशी चव की शिव्या खाऊनही माणूस पुन्हा पाट मांडून बसेल. सावंताचं पान रीतीप्रमाणे बाहेर ओसरीवर आणि आमचं आत. पण गप्पा सगळ्या सावंताकडे, म्हणून हळूहळू आम्हीच पानं उचलून बाहेर यायला लागलो. काकूंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि चौथा दामू. राहायला खाणावळीतच, मागच्या खोलीत. कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रोफेसरसाहेब फळ्यापाशी बोलणार आणि दामू टेबलावर नळ्या हलवणार. काडीसारखा पोरगा, पण डोक्यात एकच किडा. मीठ पाण्यात विरघळलं की त्याच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे होतात आणि ते सुटे फिरतात, साखर मात्र आख्खीच राहते, असं विलायतेकडे कोणीतरी नव्याने मांडलं होतं. आता तुमची पोरं त्यांना आयन म्हणतात आणि परीक्षेत मार्कांसाठी खरडतात. तेव्हा मोठमोठे प्रोफेसर यावरून एकमेकांच्या दाढ्या उपटायच्या बेतात होते!

दामू गणपतीला घरी गेला. घर राजापूरकडे, वडील भिक्षुक, हा एकुलता एक. वडिलांनी विचारलं, "मुंबईला नक्की करतोस काय रे तू?"

दामू म्हणाला, "मीठ पाण्यात घालतो."

"ते तर तुझी आईही घालते!"

पुढे वडिलांनी स्पष्टच सांगितलं. "माझे गुडघे गेले. चार गावचे यजमान वाट बघतायत. दिवाळी झाली की मी मुंबईला येतो. तुझं जे काय आहे ते मला माझ्या डोळ्यांनी दाखव. पटलं तर राहा. नाही पटलं तर माझ्याबरोबर बोटीत बस."

दामू परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. सावंत म्हणाला, "अरे, मग दाखव मा तुझा मीठ! बापाशीक डोळे नाय?"

दामू म्हणाला, "सावंत, ते तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत ना!"

०

आता दिसत नाही ते दाखवायचं कसं? दामूने सुरुवात बर्फापासून केली. सावंताने बर्फाची लादी गोणपाटात, भुशात घालून आणली. काकूंनी दोन हात लांब उभं राहून बघितली. कोणाच्या हाताने, कसल्या पाण्याने केलेली, कोण जाणे! उंबऱ्याच्या आत ती येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

दामूने बादलीत बर्फ फोडला, थर्मामीटर खुपसला, पारा बर्फाच्या खुणेवर येऊन थांबला. मग मुठी-मुठीने मीठ टाकलं. पारा धाडकन खाली! बर्फ वितळतोय आणि वितळता वितळता आणखी गार होतोय! मी मिठात आयुष्य काढत होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. बादलीला बाहेरून पांढरी बुरशी धरावी तसं हिव धरलं. सावंताने बोट लावलं आणि ओरडला, "चिकाटला!"

दामू समजावू लागला. पाण्याला गोठायचं असतं तर मिठाचे कण मध्ये लुडबुडतात, रांग धरू देत नाहीत, म्हणून ते आणखी गार झाल्याशिवाय गोठत नाही. जितके कण जास्त तितकी लुडबूड जास्त.

काकू पदर नाकाशी धरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मीठ लावलं की गार पडतं?"

"हो काकू!"

"मग आपल्या घरमालकाला लाव रे थोडं. कधी बघावं तर तापलेला असतो!"

०

मग घंटेचा नाद लागला. कॉलेजातून मोडकी बॅटरी, एक विजेची घंटा आणि दोन तारा आल्या. तारांची टोकं एका पेल्यात बुडवायची. पेल्यात नुसतं ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून परत पाणी केलेलं, तर घंटा गप्प. साखर घातली तरी गप्प. चिमूटभर मीठ टाकलं की ट्रिंग!

का? तर मिठाचे सुटे तुकडे वीज पाठीवर घेऊन या तारेकडून त्या तारेकडे जातात. साखरेचा कण आख्खा आणि आळशी. तो जागचा हलत नाही.

झालं! दोन दिवस आम्हाला दुसरा उद्योग नाही. दिसेल त्यात तारा बुडवायच्या. ताक वाजलं. कोकमाचं सार वाजलं. लोणच्याचा खार तर असा खणखणला की शेजारच्या बिऱ्हाडातून कोणी आलं का म्हणून काकू दार उघडायला गेल्या! सावंत म्हणाला, "माझो घाम वाजता काय बघ." तोही वाजला. मग सावंत आठवडाभर गिरणीत सांगत फिरला की माझ्या अंगात वीज आहे.

शेवटी दामूने वाडीच्या विहिरीचं पाणी घेतलं. या विहिरीचा काकूंना भारी अभिमान. नळाला चामड्याचं वायसर असतं म्हणून नळाचं पाणी त्यांना चालत नसे. सगळा स्वयंपाक विहिरीवर. "अख्ख्या गिरगावात एवढं गोडं पाणी नाही!" हे आम्ही रोज वरणाबरोबर ऐकायचो. दामूने तारा बुडवल्या. घंटा हळू, पण स्वच्छ वाजली. समुद्र हाकेवर, पाणी खारं नसतं तरच नवल!

आम्ही सगळे काकूंकडे बघत राहिलो. आता खाणावळ बंद, असंच मला वाटलं.

काकू जराही डगमगल्या नाहीत. "मग? म्हणूनच मी आमटीत मीठ कमी घालते!"

दामूला वाटलं, वडिलांना हेच दाखवावं. राजापूरच्या एका माणसाबरोबर त्याने तसा निरोप धाडला. आठवड्यात त्याच माणसाबरोबर उलट निरोप आला, "घंटा मी रोज सकाळी वाजवतो. ती ऐकायला मुंबईला कशाला येऊ?"

०

साहेबांचं सांगायला हवं. आमच्या दामूचे प्रोफेसर. उंच, लालबुंद, मनाने चांगले, पण या तुकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एके दिवशी त्यांनी दामूला सगळ्या वर्गासमोर धरलं. बरणीतून सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा काढला आणि पाण्यात टाकला. तो फुसफुसत नाचला, पेटला आणि फाटकन उडाला.

"मिस्टर दामोदर! तुमच्या म्हणण्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात हाच सोडियम सुटा फिरतो. दुपारी मी खारवलेलं बटर खाल्लं. मी पेटलो का?"

वर्ग हसला. संध्याकाळी ओसरीवर येऊन तो जेवला नाही. वडिलांनी हेच विचारलं तर काय सांगू, हाच घोर. आमटी निवली, काकू दोनदा ओरडून गेल्या.

सावंताने सगळं ऐकून घेतलं. भाताचा घास गिळला आणि म्हणाला, "माझो भाव एकटो होतो तेव्हा साऱ्या वाडीत धुमाकूळ घालायचो. मगे तेचा लगीन झाला. आता बायल माहेराक गेली तरी गप बसता. सुटो आसा, पण पयल्यासारखो रवलो नाय!"

दामू ताडकन उठला. उष्ट्या हाताने! "सावंता! अरे, हेच! क्लोरीनशी गाठ पडताना सोडियम आपलं काहीतरी देऊन बसलेला असतो. मग सुटला तरी तो पहिला सोडियम नाही!"

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना हेच सांगितलं, सावंताच्या भावासकट. इंग्रजीत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मतलब असा की पटलं नव्हतं, पण आवडलं होतं.

"उदाहरण चांगलं आहे," साहेब म्हणाले. "फक्त आमच्या मॅडम उद्या विलायतेला माहेरी निघतायत. त्यांच्यासमोर काढू नका."

०

यापुढचा किस्सा काकूंच्या कानावर आम्ही कधीच घातला नाही. तुम्हीही आता कुठे बोलू नका, त्या गेल्या असल्या म्हणून काय झालं!

साहेबांच्या पुस्तकात एक प्रयोग होता. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी घ्यायची, तीत साखरेचं पाणी भरायचं, तोंडाशी काचेची उभी नळी घट्ट बांधायची आणि पिशवी साध्या पाण्यात सोडायची. बाहेरचं पाणी पिशवीच्या पापुद्र्यातून आपणहून आत शिरतं आणि नळीत वर वर चढतं. तेही आत विरघळलेल्या कणांच्या संख्येप्रमाणे. दामूला ते करून बघायचंच होतं. आता गिरगावातल्या ब्राह्मणी वाडीत जनावराचं मूत्राशय? आम्हाला काकूंनी त्याच पाण्यात बुडवलं असतं!

तोड सावंताने काढली. लालबागला त्याच्या खोलीवर प्रयोग करायचा आणि मूत्राशयाऐवजी भोत वापरायचं. भोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातला फुगा. कोळी लोक तो सुकवून विकतात. हिरा कोळीण सावंताच्या चाळीत मासे घेऊन यायची. दामूने आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. त्याने तिच्याशी भोताचा भाव करायला घेतला, तेही नाक दाबून! हिराने त्याला वरून खाली न्याहाळलं आणि भाव दुप्पट सांगितला. बरीच घासाघीस होऊन ताजा फुगा मिळाला.

नळी बांधून झाली आणि आम्ही बसून राहिलो. तासाभराने नळीत पाणी बोटभर चढलं. कोणी ओतत नाही, ढकलत नाही, पाणी आपलं वर वर! दामू नळीसमोर मांडी घालून बसला, तोंड उघडं. मीही तसाच. खरं सांगतो, मला भीती वाटली. जगात एवढ्या गोष्टी आपल्या नाकासमोर चालू असतात आणि आपण त्यांच्यावरून रोज चालत जातो!

सकाळी सावंत पाळीला गेला आणि दार नुसतं लोटून गेला. शेजारणीने डोकावून बघितलं. काचेत पाणी आपोआप चढतंय! तिने दुसरीला बोलावलं. संध्याकाळी आम्ही पोचलो तर नळीला हळदकुंकू, खाली तांदूळ, पुढे फोडलेला नारळ आणि जिन्यापर्यंत बायकांची रांग! जलदेवी प्रसन्न झाली म्हणे. दामू घाबरून सांगतोय, "अहो, साखर आहे हो ती!" तर एक म्हातारी हात पुढे करून म्हणते, "प्रसाद दे मग!"

एवढ्यात हिरा आली टोपली घेऊन. गर्दीतून पुढे झाली, नळी बघितली, खालचा फुगा बघितला आणि ओळखला. कमरेवर हात ठेवला.

"माझ्या म्हावऱ्याच्या पोटाला नारल फोरता," ती म्हणाली, "आनि माझ्यासंगती दोन पैशांसाठी भांरता व्हय रं?"

परत येताना दामू मला म्हणाला, "बाळू, हा प्रयोग सगळ्यांत सुंदर. पण बाबांना माशाचं पोट कसं दाखवू?"

मग राहिला एकच. बर्फ आणि थर्मामीटर. मिठाचे कण आणि साखरेचे कण मोजून सारखे घ्यायचे, सारख्या पाण्यात घालायचे आणि पाणी गोठताना पारा किती खाली जातो ते बघायचं. साखर आख्खी राहत असेल आणि मीठ दुभंगत असेल, तर मिठाचा पारा जवळजवळ दुप्पट खाली जायला हवा. कोणालाही डोळ्यांनी दिसेल. साहेबांनी कुरकुरत का होईना, आपला बारीक खुणांचा थर्मामीटर दिला.

०

दिवाळी झाली. बाबा दुसऱ्या दिवशी यायचे होते. दामू कॉलेजातून ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटल्या घेऊन आला होता, मी दोनदा विरघळवून, गाळून, आटवून केलेलं पांढरंशुभ्र मीठ आणलं होतं. सगळं तयार. दामू म्हणाला, एकदा घंटेवर तपासून घेऊ.

साखरेच्या पाण्यात तारा बुडवल्या आणि घंटा वाजली!

दामूने तारा पुसल्या, पेला बदलला, साखर बदलली. ट्रिंग! चक्क साखर वाजतेय! म्हणजे साखरही दुभंगते? म्हणजे सगळंच खोटं?

त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. आत गेला, ट्रंक ओढली आणि धोतरं घड्या करून भरायला लागला. मी म्हटलं, "दाम्या, थांब की!" तर म्हणाला, "बाबांचंच खरं बाळू. मी नुसतं मीठ पाण्यात घालत होतो." मला रडू आलं. आलं तर आलं, लपवायचं काय त्यात?

काकू पळी घेऊन दारात आल्या. "हे काय? आता का भरतोस? बोट परवाची ना?"

मीच सांगितलं, काकू, साखरेचं पाणी वाजतंय, दामूचं सगळं गेलं.

"वाजेना का," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा सोवळ्यातले. त्यांच्यासमोर तुझ्या त्या नळाच्या पाण्याच्या बाटल्या मांडणार होतास? मी सकाळीच ओतल्या, स्वच्छ विसळल्या आणि विहिरीचं पाणी भरून ठेवलं. निदान बाटल्यांना तरी दोष नको!"

दामू ट्रंकेवर बसला. हसायला लागला तो थांबेना. हसता हसता त्याने काकूंना चक्क नमस्कार घातला.

"काकू! अहो, तुमची विहीर वाजतेय हो!"

"मग? रोजचीच आहे ती. त्यात ट्रंक कसली भरतोस?"

०

आता शेवटचा. जरा सरसावून बसा.

बाबा आले. वाळलेले, ताठ, गुडघ्याला फडकं बांधलेलं, खांद्याला पिशवी. सामान ठेवायच्या आधी त्यांनी कनवटीची, राजापूरजवळच्या जैतापूरला जाणाऱ्या बोटीची दोन तिकिटं काढून देव्हाऱ्यापाशी ठेवली. दोन! दामूने ती बघितली, मी दामूला बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मांडामांड झाली. बोट दुपारची. सावंत धक्क्यावर न्यायला गाडी ठरवून आला होता. बाबा आंघोळ करून, सोवळं नेसून, ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला पाटावर बसले. बर्फ त्यांनी जन्मात बघितला नव्हता. एकदा गारा पडल्या होत्या तेवढ्याच. बादलीकडे बघून त्यांनी जानवं सावरलं आणि सांगितलं, "मला इथूनच दिसतं."

दामूने साखर काढली. बाबा म्हणाले, "मोरस साखर? ती परदेशी कारखान्यात हाडांच्या कोळशावर गाळतात. तिचं काही मी खरं मानायचा नाही." आणि पिशवीतून नैवेद्याची खडीसाखर काढून पुढे टाकली. दामूने तीच घेतली. तराजूवर मीठ एक तोळा घातलं आणि खडीसाखर जवळजवळ सहा तोळे.

"थांब!" बाबा कडाडले. "एकाला एक तोळा, दुसऱ्याला सहा? हा कसला न्याय?"

साहेबांसमोर याचं उत्तर दामूने इंग्रजीत धडाधड दिलं असतं. इथे तो तराजू हातात धरून उभा. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही पंक्तीत पानं मोजता ना? जेवणाऱ्याचं वजन करत नाही."

"नाही करत."

"साखरेचा कण लठ्ठ, मिठाचा किडकिडीत. सहा तोळ्यांत जितके लठ्ठ, तितकेच एका तोळ्यात किडकिडीत. पानं सारखीच मांडलीत."

बाबांचा पाट हातभर पुढे सरकला.

आधी नुसतं विहिरीचं पाणी, तिन्ही वेळा तेच, नळीत घालून नळी बर्फा-मिठात धरली. पारा उतरला, पाण्यात बर्फाचे कण धरले आणि पारा एका जागी थांबला. दामूने तिथे शाईची रेघ मारली. मग खडीसाखरेचं पाणी. पारा त्या रेघेच्या थोडा खाली जाऊन थांबला. दुसरी रेघ. बाबांचा पाट आणखी पुढे आला. आता मिठाचं पाणी. पारा साखरेच्या रेघेवर आला. दामू ढवळतोय. मी डोळे मिटले. सावंतसुद्धा गप्प होता, म्हणजे बघा!

"थांबला नाय," सावंत कुजबुजला, म्हणजे वाडीभर ऐकू गेलं.

पारा आणखी उतरला. साखर जेवढी उतरली होती जवळजवळ तेवढाच आणखी. मग थांबला.

मी डोळे उघडले तर बाबा बादलीला टेकून बसलेले! पाट मागे कुठेतरी राहिलेला. नाक थर्मामीटरला लागलेलं.

"पानं सारखी मांडलीस म्हणतोस."

"हो बाबा."

"आणि मिठाच्या पंगतीला दुप्पट जेवून गेले."

"हो बाबा."

"म्हणजे एका पानावर दोघे बसले होते!"

दामूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकू आतून ओरडल्या, "अहो, तुमचा हात! बर्फात आहे!"

बाबांचा हात मनगटापर्यंत बर्फात होता. नळी त्यांनीच धरली होती, कधीपासून कोण जाणे. त्यांनी हाताकडे बघितलं, मग काकूंकडे. "आंघोळ करीन की पुन्हा! समुद्र काय आटला?"

तेवढ्यात गाडीवाल्याने बाहेरून हाक मारली. सावंत उठला. "बाबानु, बोटीचो टायम झालो." बाबा उठले, हात पुसला, देव्हाऱ्यापाशी जाऊन तिकिटं उचलली. दोन्ही. पिशवीत ठेवायला गेले आणि तिथेच थबकले. पिशवीतून त्यांनी तुरटीचा खडा काढला. गावोगावी हिंडताना गढूळ पाणी निवळायला ते जवळ ठेवायचे.

"दामू, मीठ दोघांना बसवतं. ही किती जणांना बसवते?"

दामूने खडा हातात घेतला. फिरवला. दामू खोटं बोलत नसे, हीच त्याची खोड. "माहीत नाही बाबा."

सगळं जिंकून इथे हरायचं!

"तुझ्या साहेबाला?"

"बहुतेक त्यांनाही नाही."

गाडीवाल्याने पुन्हा हाक मारली. सावंताने दामूची ट्रंक उचलू की नको, अशा बेताने तिच्यावर हात ठेवला. बाबा तिकिटांकडे बघत उभे होते. मग त्यांनी बादलीत डोकावलं आणि एकदम खेकसले.

"सावंत, त्या गाडीवाल्याला जायला सांग! बोट काय, पुढच्या आठवड्यातही आहे. इथे बर्फ वितळतोय! दाम्या, बघत काय बसलास? घाल तुरटी!"